वाती वळणारी आनंदीबाई

(दृश्य: रिकामा वर्ग. बाक भिंतीला सारलेले. फळ्यावर अर्धवट पुसलेला सातचा पाढा.)

शाळा सुटली की पाच मिनिटांत पोरं पांगतात. मग मी बाक भिंतीला लावते, खिडक्या ओढून घेते, पदर कमरेला खोचते आणि जमिनीवर पाट टाकून बसते. समोर कापसाचं ताट, बाजूला राखेची वाटी. साडेचार ते सहा मी आनंदीबाई असते. सहाला वस्तीची गाडी येते, ती चुकवून चालत नाही.

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली ही मराठी शाळा. पावसाळ्यात कौलांवर असा पाऊस कोसळतो की पहिल्या बाकावरच्या पोराचा आवाज मला ऐकू येत नाही. या नाटकाची तालीम त्याच आवाजात झाली. त्यामुळं एक फायदा झाला, ओरडून काही मिळत नाही हे लवकर कळलं. आवाज चढवला की पाऊस जिंकायचा. हळू बोलले, तर दाराशी बसलेले आमचे सर कान पुढं करायचे.

सर म्हणजे याच शाळेतले निवृत्त शिक्षक. संहिता आम्ही दोघांनी मिळून लिहिली. पंचावन्न मिनिटं, एकच बाई, एकच दुपार.

(दृश्य: शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा. मग नारायण दरवाजा.)

ती दुपार ३० ऑगस्ट १७७३ची. पुण्यात, शनिवारवाड्यात, गणपतीचे दिवस होते. पेशवे नारायणराव अठरा वर्षांचे. त्यांचे काका रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, आनंदीबाईचा नवरा, त्याच वाड्यात नजरकैदेत. पगार थकला म्हणून चिडलेले गारदी, म्हणजे भाडोत्री शिपाई, सुमेरसिंगाच्या मागून आत घुसले आणि अर्ध्या तासात अकरा माणसं मारली गेली. नारायणराव धावत काकांकडं गेले, ‘काका, मला वाचवा’ म्हणत त्यांना बिलगले, असं आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलोय.

त्या अकरा जणांत दोन दासी होत्या. त्यांची नावं कुणी घेत नाही. आमच्या नाटकात आनंदीबाई एका जागी थांबते, दोन वाती वेगळ्या काढून ताटाच्या कडेला ठेवते, आणि पुढं बोलू लागते. तिथं संवाद नाही. तो असावा असं सरांना वाटत होतं. मी नको म्हटलं.

आणि ‘ध’ चा ‘मा’. गावच्या पतपेढीच्या ठरावात कुणी एक शब्द फिरवला तरी आपल्या तोंडात हेच येतं. राघोबादादांनी लिहिलं होतं ‘नारायणरावांस धरावे’, आनंदीबाईनं ‘ध’ चा ‘मा’ केला आणि ते ‘मारावे’ झालं. मी स्वतः चौथीच्या पोरांना वाक्प्रचार म्हणून हे शिकवलंय. अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा. कितीतरी वर्षं शिकवलं, आणि ज्या कागदावर हे सगळं उभं आहे तो कागद आजवर कुणी पुढं ठेवलेला नाही, हे मला ठाऊकच नव्हतं. रामशास्त्री प्रभुण्यांनी तपास केला, दोष खुद्द रघुनाथरावांच्या पदरात घातला, देहांत प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं. आनंदीबाईला निवाड्यासाठी कुणी उभं केलं नाही. तिच्या वाट्याला वाक्प्रचार आला.

ती निर्दोष होती असं माझं म्हणणं नाही. हे प्रत्येक प्रयोगाआधी मी प्रेक्षकांना हात जोडून सांगते. अठरा वर्षांचं पोर मेलंय, आणि मी एक आई आहे. पण जिला विचारलंच नाही, तिला एकदा समोर बसवून विचारावं, एवढंच मला करायचंय.

(दृश्य: जुन्या घराची पडवी. टाक, दौत, पिवळे पडलेले कागद.)

त्या काळी मराठी कागद ज्या लिपीत लिहीत, ती मोडी शिकायला मी आबांकडं गेले. आबांकडं लोक पणज्याच्या वेळचं खरेदीखत घेऊन येतात, आबा चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्याला लावून वाचतात. पैसे घेत नाहीत, चहा मात्र पाजतात.

मोडीत आधी ओळभर आडवी रेघ ओढायची. मग अक्षरं त्या रेघेला खालून लटकवत जायची, हात होता होईल तो न उचलता. दोन शब्दांत जागा सोडायची नाही. मी ‘नारायणरावांस धरावे’ लिहिलं आणि ‘ध’ वर परत टाक ठेवला. आबा म्हणाले, “बाई, खोटं लिवणाऱ्यालाबी हात थांबवावा लागतोय. थांबला की शाई फुटतीया, बगा.”

खरंच फुटली. मसुराएवढा डाग. पंधरा-वीस कागद घालवले, कधी डाग लहान, कधी मोठा, पण दिसला नाही असं एकदाही झालं नाही. मग माझ्या मनात आलं, खाडाखोड केली असेल, तर ती त्या गारद्यांना दिसली नसेल का? का त्यांना ‘मारावे’ च वाचायचं होतं? हा प्रश्न नाटकात आनंदीबाई विचारते. उत्तर देत नाही.

आमच्या भागात अक्षराचा घाव समजावून सांगावा लागत नाही. माझ्या वडिलांचं नाव मारुती. शेताच्या उताऱ्यावर ते कन्नडमध्ये ‘मूर्ती’ असं पडलं. दोन वर्षं खेटे घातले. खिडकीपलीकडचा माणूस वाईट नव्हता, पण त्याच्यापुढं कागद होता आणि कागदावर मूर्ती होता. वडील म्हणायचे, मी हितं उभा हाय की. शेवटी दुरुस्ती झाली, तेव्हा ते अंथरुणावर होते. नवा उतारा मी त्यांच्या हातात दिला, त्यांनी कन्नड अक्षरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, यातला ‘मा’ कुठला?

‘मारावे’ म्हणताना रंगमंचावर मला तेच बोट आठवतं.

(दृश्य: वर्गाची भिंत. भिंतीवर खडूच्या तीन खुणा, एकावर एक.)

एकपात्री करताना समोर कुणी नसतं, म्हणून नजर नेमकी ठेवावी लागते. डोळा एक इंच हलला तर प्रेक्षकाला समोरचा माणूस दिसेनासा होतो. या खडूच्या खुणा राघोबादादांच्या नाहीत. त्यांच्यासाठी वर खिळा आहे. या खुणा नारायणरावांच्या.

आनंदीबाई पेशव्यांच्या घरात सून म्हणून आली ते १७५५ साल. नारायणरावांचा जन्मही त्याच सालचा. म्हणजे ती बालवधू माप ओलांडून आली तेव्हा ते पाळण्यात होते. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. पहिली खूण पाळण्याची, दुसरी गुडघ्याशी येणाऱ्या पोराची, तिसरी माझ्या खांद्याच्याही वर. पहिल्या वीस मिनिटांत ती त्याच्याशी बोलत बोलत नजर वर नेत जाते. त्याला वाढताना तिनं पाहिलंय. नवऱ्याची गादी अडवून बसलेला पुतण्या म्हणूनही पाहिलंय. दोन्ही एकाच डोळ्यांत धरायचं, इथं माझी सगळी ताकद जाते. काही प्रयोगांत जमतं, काहींत नाही. नाही जमलं की पुढची पस्तीस मिनिटं नुसतं पाठांतर होतं, आणि ते पहिल्या रांगेतल्या पोरालाही कळतं.

(दृश्य: हातांचा जवळून घेतलेला दृश्यभाग. बोटांना राख, तळहातावर कापूस.)

खून आम्ही दाखवत नाही. ती खोलीत बसून वाती वळते. गणपतीचे दिवस, वाती लागणारच. कापूस हलका ओढायचा, बोटाला राख लावायची, तळहातावर एका दमात वळायचा. राख जास्त झाली तर वात काळी, कमी झाली तर सुटते. बाहेर आधी कुजबुज. मग पायांचे आवाज, ते सर विंगेत पत्र्याच्या ट्रंकेवर काढतात. गाय हंबरते. मग धावणारा एकच पाय. मग ती हाक.

हाक मीच देते, पण तोंड न उघडता, श्वासावर. सरांचं म्हणणं होतं, हाकेबरोबर हातातली वात तुटावी. प्रेक्षक टाळ्या देतील. आमचं यावरून चार दिवस बोलणं बंद होतं. मला वाटतं, तिनं ती वात पुरी केली असेल. अपराधी असेल तरी, नसेल तरी. घरात पुरुषांचा गोंधळ चालू असताना हातातलं काम टाकून न देणं, हे बायकांच्या अंगात इतकं मुरलेलं असतं. मी वात पुरी करते, ताटात ठेवते, पुढचा कापूस उचलते. प्रेक्षागृहात कुणी खोकतही नाही. सर नंतर म्हणाले, तुझं खरं होतं.

(दृश्य: सुगी झालेली शेतं. शाळेच्या मैदानावर मांडव, ग्रंथदिंडी.)

सुगी आटोपली की बेळगाव भागात गावोगाव मराठी साहित्य संमेलनं होतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानी. सकाळी ग्रंथदिंडी, मग भाषणं, दुपारी कथाकथन, कविसंमेलन. तिथंच आम्हाला जागा मिळते. अण्णासाहेब किर्लोस्कर आमच्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. ज्यांनी १८८०मध्ये शाकुंतल उभं केलं त्यांच्या जिल्ह्यात नाटक बघायला माणसं येतात, हे मी अनुभवानं सांगते. सतरंजी अंथरलेली असते, बायका लेकरं मांडीवर घेऊन बसतात.

एका गावात एक बाप्या उभे राहिले. म्हणाले, “बाई, जिजाऊंचं करा की. हिचं कशाला?” त्यांचा राग मला समजला. मी त्यांना बेळगावच्या किल्ल्याबद्दल विचारलं. एप्रिल १८१८मध्ये इंग्रजांच्या मन्रोच्या फौजेनं तो घेतला, तेव्हा आतली शिबंदी कुणाच्या नावानं लढत होती? दुसऱ्या बाजीरावाच्या. तो आनंदीबाईचा मुलगा. खुनानंतर बारभाईंनी, म्हणजे राघोबांविरुद्ध एक झालेल्या कारभाऱ्यांनी, त्यांच्या मागं फौजा लावल्या, ती पळत असताना धारच्या किल्ल्यात १७७५ साली त्याला जन्म दिला. आणि पुण्यात घरातच भांडण पेटलं तशी इकडं हैदरअलीनं पेशव्यांचा कर्नाटकातला मुलूख गिळला. त्या दुपारची झळ आपल्या गावांना लागली आहे, काका. तिला परकी म्हणून सोडून कसं चालेल?

ते खाली बसले. पटलं की नाही ठाऊक नाही, पण शेवटपर्यंत बसले.

तिचा शेवट मी थोडक्यात उरकते. १७८३मध्ये राघोबादादा कोपरगावला वारले. तेव्हा ती गरोदर होती, धाकट्या मुलाचा, चिमाजीचा, जन्म बाप गेल्यावरचा. पुढं नाशिकजवळ आनंदवल्लीला ती राहिली आणि १७९४मध्ये वारली. मुलगा पेशवा झालेला तिनं पाहिला नाही. नारायणरावांची आई गोपिकाबाई, तीही नाशिकजवळच, गोदेच्या काठीच संपली. या दोघींना मी एकदा शेजारी बसवणार होते. लिहून पाहिलं, फाडलं. मुलगा गेलेल्या आईच्या तोंडात शब्द घालायची माझी तयारी झालेली नाही.

(दृश्य: रात्र. मांडवातले दिवे निम्मे गेलेले. सर ट्रंक टेम्पोत चढवताहेत.)

हा गेल्या हिवाळ्यातला प्रयोग. अर्ध्यात वीज गेली, समईवर उरलेलं नाटक झालं. संपल्यावर मी पाटावरच बसून होते, नऊवारीत, पायाला मुंग्या आलेल्या. एक आजी सतरंजीवरून उठून थेट वर आल्या. काठी बाजूला ठेवली, माझ्यासमोर बसल्या.

“बाय, खरं सांग. तू लिवलंस काय गे ते?”

मी म्हटलं, “मला ठाऊक नाही, आजी.”

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मग ताटातली एक वात उचलली, दोन बोटांत फिरवली, पीळ बघितला.

“वळलीयास चांगली. आता ह्या काय करणार?”

“टाकून देते. दर वेळी नव्या करते.”

“टाकू नगंस,” म्हणाल्या, आणि पदर पसरला. “दे हिकडं. मारुतीच्या देवळात लावतो मी.”

मी सगळ्या दिल्या. ताटाच्या कडेला ठेवलेल्या त्या दोनसुद्धा.