पडला, उठला, पुन्हा उतरला

[दृश्य : कोथरूडमधली एक खोली. जानेवारीची पहाट. दिवा बंद, फक्त मोबाइलचा उजेड.]

पहाटेचे साडेपाच. खाली दूधवाला येऊन गेला. माझा भाचा रजईत गुरफटून मोबाइलकडे बघतोय. टोरांटोत आत्ता संध्याकाळचे सात वाजलेत आणि एनएचएलचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगचा, सामना सुरू झालाय. भाचा सोळा वर्षांचा. पुण्यात त्याला बर्फ कुठला मिळायला? तो चाकांच्या स्केट्सवर, सिमेंटच्या रिंकवर हॉकी खेळतो. जीव मात्र या आइस हॉकीत अडकलेला.

"मामा, अजून एक जखमी झाला बघ." पडद्यावर एक खेळाडू लंगडत बाहेर जातोय. "पूर्वीपण एवढे जखमी व्हायचे का रे? की आत्ताच वाढलंय?"

वर्षभर मी या प्रश्नामागे आहे. का, ते पुढे सांगतो.

[दृश्य : पिंपरी, नेहरूनगरचं मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियम. वरून दिसणारं पूर्ण मैदान.]

आपल्या ओळखीची हॉकी ही. सुमारे 91 मीटर लांब, 55 मीटर रुंद मैदान, त्यात बावीस जण. एनएचएलचं बर्फाचं मैदान 61 मीटर बाय 26 मीटर. म्हणजे यातल्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. त्यात बारा माणसं, चहूबाजूंनी भिंत, आणि अंगावर जाऊन धडक मारणं नियमात बसणारं. खेळाडू अंगापिंडानं वाढले, वेगवान झाले. मैदान तेवढंच राहिलं.

खरी गोष्ट वेगाची आहे. आजचे चपळ खेळाडू ताशी 35 किलोमीटरच्या वर जातात. आपली स्कूटर गल्लीतून जाते, तेवढा हा वेग, आणि समोरून येणाराही तितक्याच वेगात. धडकेची ताकद वेगाच्या वर्गानं वाढते. ताशी 25 ऐवजी 35 झाले, तर धडक जवळजवळ दुप्पट होते.

हा वेग आला कुठून? थोडा तयारीतून आला. पण बराचसा नियमांतून आला, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. 2004-05 चा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या वादात बुडाला. खेळ परत सुरू झाला तेव्हा लीगनं तो मोकळा केला. स्टिक अडकवून समोरच्याला मागे ओढणं, वाटेत आडवं येणं, यांवर कडक शिक्षा सुरू झाली. लांब पास द्यायची बंदी उठली. खेळ देखणा झाला, यात शंका नाही. पण ती ओढाओढी ब्रेकचंही काम करत होती. तो ब्रेक निघाला आणि माणसं पूर्ण वेगात एकमेकांवर यायला लागली.

त्यात शिफ्ट आखूड. एक खेळाडू सलग साधारण 45 सेकंद बर्फावर असतो, मग बाहेर बसतो, दुसरा उतरतो. त्यामुळे दमलेला, मंदावलेला माणूस मैदानात फारसा नसतोच. जो तो ताजा, जो तो सुसाट.

[दृश्य : टेबलावर ठेवलेला पक. भाचा तो हातात घेऊन वजन बघतो.]

हा पक, आइस हॉकीत चेंडूच्या जागी असलेली चकती. घट्ट रबर, 170 ग्रॅमच्या आसपास. उसळू नये म्हणून सामन्याआधी तो गोठवतात. 2012 मध्ये झ्देनो चारा या खेळाडूनं जोरदार फटक्यांच्या एका स्पर्धेत तो ताशी 175 किलोमीटरनं मारला. सामन्यात असे फटके अडवायला खेळाडू स्वतःचं अंग मध्ये घालतात. घोट्याची, बोटांची हाडं मोडतात ती अशी.

अंगावरच्या चिलखताचंही तसंच आहे. खांद्याचं, कोपराचं कडक प्लास्टिक घालणाऱ्याला वाचवतं. तेच प्लास्टिक समोरच्याच्या हनुवटीवर बसलं, तर?

शिवाय सामने. हंगामात 82, पुढे बाद फेरीत जास्तीत जास्त 28. 2025-26 च्या हंगामात हिवाळी ऑलिंपिकसाठी फेब्रुवारीत लीग थांबली, म्हणून तेच 82 सामने दाटीवाटीनं बसवले. 2026-27 पासून सामने 84 होणार आहेत. जांघेचे स्नायू, कंबर, गोलरक्षकांचे खुबे यांना भरून यायला दिवस लागतात, आणि वेळापत्रकात दिवसच नाहीत.

मग जखमा खरोखर वाढल्या की नाही? इथे आकडे धड साथ देत नाहीत. क्लब सांगतात फक्त 'अप्पर बॉडी' किंवा 'लोअर बॉडी'. म्हणजे कमरेच्या वर किंवा खाली, एवढंच. दुखरी जागा कळली तर प्रतिस्पर्धी तिथेच मारतील, ही भीती. आणि खेळाडूला दीर्घ जखमींच्या यादीत टाकलं, तर क्लबला खेळाडूंच्या एकूण पगारावर लीगनं घातलेल्या मर्यादेत सवलत मिळते. त्यामुळे कोण किती सामने बाहेर बसला, हा आकडा निव्वळ वैद्यकीय राहत नाही.

एक वाढ मात्र चांगली आहे, असं मी मानतो. डोक्याच्या जखमांची नोंद.

13 जानेवारी 1968. मिनेसोटाचा बिल मास्टर्टन धडकेनंतर मागे पडला, डोकं बर्फावर आपटलं. हेल्मेट नव्हतं. दोन दिवसांनी तो गेला. तरी हेल्मेटची सक्ती यायला 1979 उजाडलं, तीही फक्त नव्या खेळाडूंना. बिनहेल्मेटचा शेवटचा खेळाडू 1997 पर्यंत खेळत होता. हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघालेले पाहिलेल्या पुणेकराला हे वेगळं समजवावं लागणार नाही. आणि हेल्मेट कवटी वाचवतं. आतला मेंदू हादरायचा थांबत नाही.

1 जानेवारी 2011. सिडनी क्रॉस्बी, त्या काळातला सर्वांत मोठा खेळाडू. डोक्याला धडक बसली. तो उठला, खेळला. चार दिवसांनी, पुढच्याच सामन्यात, दुसरी धडक. त्यानंतर तो बर्फावर उतरला थेट 21 नोव्हेंबरला. आज लीगची माणसं पडद्यासमोर बसून सामने बघतात आणि शंका आली की खेळाडूला बाहेर काढून तपासायला लावतात. पूर्वी असे कितीतरी जण डोकं झटकून पुन्हा उतरले असतील. त्यांची गणती कुणीच केली नाही.

[दृश्य : रविवार सकाळ. सिमेंटचा रिंक. चाकांचा आवाज.]

गेल्या वर्षी असाच एका रिंकवर भाचा पडला. हेल्मेट होतं. शिकवणारे म्हणाले, "काही होत नाही, उठ." दहा मिनिटांत तो पुन्हा खेळत होता. मी बाहेर बसून टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर त्याला उलट्या झाल्या. मग दोन आठवडे खोलीचे पडदे बंद, पुस्तकाची ओळ डोळ्यांपुढे ठरेना. ताई रात्रभर त्याच्या उशाशी बसून असायची. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात.

आता तो दुसरीकडे खेळतो. आज वळणावर एका मुलाचा धक्का लागला आणि तो पाठीवर आपटला. नवीन सरांनी खेळ थांबवला. खाली बसून त्याला विचारलं, आज वार कोणता, मघाचा गोल कुणी केला. त्यानं दोन्ही बरोबर सांगितलं. तरी त्यांनी त्याला बाहेर पाठवलं.

तो माझ्याशेजारी येऊन बसलाय. हेल्मेट मांडीवर. आतला सामना रंगात आलाय, आणि त्याचे पाय जागच्या जागी हलतायत.

"मामा, डोकं दुखत नाहीये. खरंच."

"बस," मी म्हणतो. "आज नाही."