न्यूयॉर्कहून स्लायगोला परतलेल्या तबकड्या

नमस्कार मंडळी. डब्लिनमध्ये राहून इथलं पारंपरिक संगीत आपल्या कानांवर पडतं ते बहुतेक पबमध्ये, गप्पांच्या गलक्यात. गेलं वर्षभर मी तेच संगीत घरी, हेडफोन लावून, जुन्या ध्वनिमुद्रणांतून ऐकतेय. त्याबद्दल तुमच्याशी बोलायचंय.

सुरुवात झाली मुलीच्या फिडलच्या शिकवणीतून. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, वाजवायची ढब वेगळी. तिच्या बाईंनी एकापाठोपाठ तीन रील शिकवायला घेतल्या. रील म्हणजे नाचासाठीची द्रुत लयीतली धून. आधी 'टार्बोल्टन', मग 'लाँगफर्ड कलेक्टर', मग 'सेलर्स बॉनेट'. मुलीनं विचारलं, "मधली आधी घेतली तर?" बाई म्हणाल्या, "घे की. पण सेशनमध्ये, म्हणजे सगळे जमून वाजवतात तेव्हा, सगळ्यांची बोटं 'टार्बोल्टन'वरूनच निघतात." कारण मायकल कोलमन ह्या फिडलवादकानं १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये तबकडीच्या एका बाजूवर त्या ह्याच क्रमानं वाजवल्या होत्या. त्याला नव्वद वर्षं झाली, तरी क्रम तोच आहे.

हा कोलमन १८९१ साली स्लायगो परगण्यातल्या किलाव्हिलचा. १९१४ मध्ये अमेरिकेला गेला, १९४५ मध्ये तिथेच वारला. पण त्याच्या तबकड्या बोटीनं आणि टपालानं आयर्लंडला येत राहिल्या. त्याच्या स्वतःच्या मुलखातली पोरं त्याचं वाजवणं ग्रामोफोनवरून शिकली. पुन्हा पुन्हा सुई मागे न्यायची आणि ऐकायचं! गाव सोडून गेलेला माणूस गावाला शिकवत होता. परदेशात राहणारी माणसं म्हणून आपल्याला हे नीट कळावं.

अशी ध्वनिमुद्रणं सुरू झाली त्यामागे एका बाईचा हट्ट होता. एलेन ओ'बर्न डीविट ह्यांचं न्यूयॉर्कमध्ये दुकान होतं. गिऱ्हाइकं आयरिश नाचाच्या धुनांच्या तबकड्या मागायची आणि त्या मिळत नसत. १९१६ साली त्या कोलंबिया कंपनीकडे गेल्या आणि म्हणाल्या, तुम्ही काढा, ५०० मी विकत घेते. अकॉर्डियन आणि बँजो वाजवणारे दोघं त्यांच्या मुलानं शोधून आणले. तबकड्या हातोहात गेल्या.

त्या काळच्या तबकड्या लाखेच्या, आणि जगाला लाख पुरवायचा प्रामुख्यानं हिंदुस्थान. छोटा नागपूरकडच्या पळस-कुसुमाच्या झाडांवरची लाख न्यूयॉर्कला जाऊन स्लायगोचं फिडल झाली, हे मला समजलं तेव्हा मी ते घरात सगळ्यांना सांगत सुटले. आणि बंधनही आपल्याकडचंच, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. बालगंधर्वांचं पद असो की अब्दुल करीम खाँसाहेबांचा ख्याल, सगळं तेवढ्यात बसवावं लागे. कोलमननं त्या तीन मिनिटांत तीन रील बसवल्या.

एक गोष्ट मात्र मला खुपते. त्या तबकड्यांचा प्रभाव इतका पडला की इतर परगण्यांतले फिडलवाले आपली ढब सोडून स्लायगोसारखं वाजवू लागले. म्हणून वेगळ्या ढबीचं वादन मुद्रित करणाऱ्या क्लॅडा रेकॉर्ड्सबद्दल मला फार आदर आहे. १९५९ साली सुरू झालेल्या ह्या कंपनीनं पहिली एलपी काढली लिओ राउसम ह्यांच्या इलिन पाइप्सची. ही पाइप्स तोंडानं फुंकत नाहीत, कोपराखालच्या भात्यानं हवा भरतात. पुढे १९७२ मध्ये त्यांनीच टॉमी पॉट्स ह्यांची 'द लिफी बँक्स' आणली. हे पॉट्स इथलेच, डब्लिनचे. ओळखीची धून वाजवता वाजवता ते मधेच थांबतात, वळतात, ती उलगडून बघतात. मला ते आलापीच्या फार जवळचं वाटतं.

जुनं पुन्हा प्रकाशित करणं हे कष्टाचं काम आहे. '७८ आरपीएम', म्हणजे मिनिटाला ७८ फेरे, म्हणायचं, पण मूळ मुद्रणाचा वेग प्रत्येक वेळी तेवढाच नसे. तो चुकला की स्वर चढतो किंवा उतरतो. खरखर जास्त पुसली तर गजाची धारही पुसली जाते, म्हणून मला थोडी खरखर राहिलेली आवडते. हॅरी ब्रॅडशॉ ह्यांनी संपादित केलेला कोलमनचा १९९२ सालचा दोन सीडींचा संच मी ह्यासाठीच जपते. त्याच्यासोबतची पुस्तिका वाचल्याशिवाय तो ऐकू नका. मोबाइलवर तेच सगळं मिळतं, पण त्यात कोणी, कुठे, कधी वाजवलं ते बहुधा गळून पडतं. मेरियन स्क्वेअरला १९८७ मध्ये स्थापन झालेलं पारंपरिक संगीताचं संग्रहालय आहे, तिथे शनिवार-रविवार सोडून एखाद्या दिवशी सवड काढून जा. त्यांच्या संकेतस्थळावर जुन्या तबकड्या फुकट ऐकता येतात.

आणि नवंही ऐका. क्लेअर परगण्याचे फिडलवादक मार्टिन हेज ह्यांच्या 'द ग्लोमिंग' ह्या गटाच्या २०१४ च्या पहिल्या अल्बममधला एक संच सोळा मिनिटांहून मोठा आहे. सुरुवातीला गाणं, मग हळूहळू लय चढत जाते. विलंबितातून द्रुताकडे जायची सवय असलेल्या आपल्या कानांना तो लगेच आपलासा वाटेल.

कोलमनचा संच आणि 'द ग्लोमिंग'ची सीडी मी मंडळाच्या ग्रंथपेटीत ठेवली आहे. आता कोलमनची ती तबकडी लावते. आधी खरखर येईल, स्पीकर बिघडलेला नाही. साथीला पियानो आहे, त्याच्याकडे फार लक्ष देऊ नका. दुसरी रील सुरू होताना फिडल क्षणभरही थांबत नाही, तिथे कान द्या.