मूर्ती गेल्या, नावं राहिली
(लघु माहितीपट : निवेदन)

[दृश्य : घमेल्यात पाणी. मऊ ब्रश. लाल खापराचा तुकडा. चिखल उतरतो आणि काळी रेघ दिसू लागते.]

उत्खननात सगळ्यात जास्त सापडतं ते खापर. मणी, नाणी, मूर्ती यांचे फोटो छापून येतात, पण हंगामातले बहुतेक दिवस जातात ते फुटक्या मडक्यांबरोबर.

प्रत्येक तुकडा धुवायचा. फुटलेली कड नीट स्वच्छ करायची, कारण भाजणी कशी झाली ते कडेवर दिसतं. मधला भाग काळपट राहिला असेल, तर आच आतपर्यंत पुरती पोचली नव्हती. रंगकाम दिसलं की ब्रश बाजूला ठेवायचा आणि पाण्यात धरून नुसता अंगठा फिरवायचा. मग सावलीत वाळवण. एका थरातली खापरं दुसऱ्या थरातल्या खापरांत मिसळली, तर ती अभ्यासाच्या कामाची राहत नाहीत. म्हणून प्रत्येक ढिगाशी चिठ्ठी असते : स्थळाचं नाव, खड्ड्याचा क्रमांक, थर, खोली, तारीख.

[दृश्य : बारीक निब. खापराच्या आतल्या बाजूवर काळ्या शाईने अक्षरं उमटतात.]

वाळल्यावर हीच माहिती थोडक्यात तुकड्यावर लिहायची. आतल्या बाजूला, म्हणजे नक्षी झाकली जात नाही. शाई सुकली की वर पारदर्शक लेप.

हा तुकडा जोर्वे पद्धतीच्या भांड्याचा आहे. संगमनेरजवळ प्रवरेकाठी जोर्वे नावाचं गाव आहे. तिथे १९५०-५१मध्ये उत्खनन झालं आणि गावाचं नाव या भांड्यांना मिळालं. चाकावर घडवलेली, लाल रंगाची, वर काळ्या रंगात भौमितिक नक्षी, काहींना लांब तोटी. भाजणी इतकी पक्की, की टिचकी मारली तर खणकन वाजतं.

[टिचकीचा आवाज, दोनदा. निवेदन नाही.]

मी पुरातत्त्वशास्त्रात एम.ए. करते आहे. ही फिल्म माझ्या शिक्षणाबद्दल आहे आणि तिच्यात भाषांबद्दल बरंच बोलणं येणार आहे. आमच्या विषयाचं निम्मं काम भाषांचं आहे असं मला वाटतं, आणि शिकवताना भाषेला तेवढी जागा मिळत नाही.

[दृश्य : पांढरीचं (जुन्या वस्तीच्या जागेचं) टेकाड, सकाळचं ऊन. दोऱ्यांनी आखलेले चौकोनी खड्डे. एक मावशी उकिडव्या बसून खुरपीने माती सोलते आहे.]

खड्ड्यात आमच्या हातात ट्रॉवेल असतं, मावशींच्या हातात खुरपी. त्या आधीच्या हंगामातही इथे होत्या. या क्षणी त्या थांबल्या, त्याच जागी दोनदा खुरपी टेकवली आणि म्हणाल्या, “पोरी, हितं माती पोकळ लागतीय. कडंला मुरूम हाय, मदी राख.”

[दृश्य : वरून घेतलेला शॉट. तपकिरी मातीत राखाडी गोल हळूहळू स्पष्ट होतो.]

जुन्या काळी कुणीतरी इथे खड्डा खणला होता आणि तो राखेने, कचऱ्याने भरत गेला होता. असा खड्डा वेगळा ओळखून वेगळा उपसावा लागतो, नाहीतर वरच्या, नंतरच्या काळातल्या वस्तू खालच्या, जुन्या काळातल्या समजल्या जातात. फील्ड डायरी इंग्रजीत असते. तिथे मी मातीचा रंग, घट्टपणा, खोली हे ठरलेल्या शब्दांत लिहिलं आणि खाली मावशींचं वाक्य मराठीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. त्यांच्या हाताला जे कळलं ते त्या वाक्यात जास्त नेमकं आहे.

माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. एम.ए.ला आले तेव्हा उत्खननांचे अहवाल समोर आले, जाडजूड आणि सगळे इंग्रजीत. पहिलं सत्र शब्दकोश मांडीवर ठेवूनच गेलं. इंग्रजी आलंच पाहिजे, याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या गावात खणलं, त्या गावातल्या शाळेतल्या मुलीला वाचता येईल असा मराठी अहवालही प्रत्येक उत्खननाचा निघायला हवा.

[दृश्य : डेक्कन कॉलेजचं संग्रहालय. इनामगावचे दोन कुंभ, तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले.]

पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांचं गाव कसं होतं, हे त्यातून तपशीलवार कळलं. इ. स. पूर्व १६००च्या सुमारास वस्ती सुरू झाली आणि ७००च्या सुमारास संपली. शंभराहून जास्त घरं मिळाली. लोक जव पिकवत होते, गुरं पाळत होते. पुराचं पाणी वळवायला त्यांनी बांध घातला होता, कालवा काढला होता. मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालची पावलं तोडलेली दिसतात. लहान मूल गेलं तर ते अशा दोन कुंभांत ठेवून घराच्याच जमिनीखाली पुरत असत.

[निवेदन नाही. कॅमेरा कुंभांवर स्थिर.]

या लोकांनी काय खाल्लं, कोणत्या चुलीवर शिजवलं, दुष्काळाच्या काळात त्यांची घरं कशी लहान होत गेली, हे सांगता येतं. त्यांच्याकडे लिपी नव्हती. त्यामुळे त्यांच्यापैकी एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही.

[दृश्य : नाणेघाट. खिंडीची फरसबंदी, दगडी रांजण. मग लेण्याची मागची भिंत. खाली पावलांचे अस्पष्ट अवशेष, वर कोरलेली अक्षरं.]

नाणेघाटात नेमकं उलट आहे. कोकणातल्या बंदरांकडून जुन्नरकडे येणारी ही वाट. सातवाहनांनी इथे लेणं खोदलं आणि मागच्या भिंतीवर आपल्या घराण्याच्या मूर्ती कोरल्या. मूर्ती आता नाहीत, काही ठिकाणी पावलांच्या खुणा तेवढ्या आहेत. पण प्रत्येक मूर्तीच्या डोक्यावर नाव कोरलं होतं. सिमुक सातवाहन. देवी नायनिका, म्हणजे आपण जिला नागनिका म्हणतो ती. राजा सिरी सातकनी. कुमार हकुसिरी. एक महारठी, म्हणजे सरदारही या रांगेत आहे.

ही अक्षरं कुणालाच वाचता आली नसती, तर इथे फक्त एक रिकामी भिंत दिसली असती.

[दृश्य : टॉर्चचा प्रकाश भिंतीला जवळजवळ समांतर धरलेला. सपाट वाटणाऱ्या दगडावर सावल्या पडतात आणि ओळ उठून दिसते.]

प्रकाश समोरून टाकला तर काही दिसत नाही. तो बाजूने, भिंतीला लागून द्यावा लागतो, म्हणजे कोरलेल्या खाचेत सावली पडते. बाजूच्या भिंतींवरचा मोठा लेख नागनिकेचा. कोणते यज्ञ केले, दक्षिणा म्हणून किती गाई, किती कार्षापणं, म्हणजे त्या काळची नाणी दिली, याची ती नोंद आहे. आकडे अंकचिन्हांत लिहिले आहेत. भारतातल्या सगळ्यात जुन्या अंकलेखनात त्यांची गणना होते. शून्य अजून नाही, शंभर आणि हजार यांना स्वतंत्र चिन्हं आहेत. पावसाच्या वाऱ्याला तोंड देत दोन हजार वर्षं काढलेला हा दगड आहे आणि मधली कित्येक अक्षरं झिजून गेली आहेत.

[दृश्य : वर्ग. फळ्यावर ब्राह्मी वर्णमाला. वहीत अक्षरं गिरवणारा हात.]

ब्राह्मी लिपी शिकायला अवघड नाही. क म्हणजे अधिकचं चिन्ह. ठ म्हणजे पूर्ण वर्तुळ. न म्हणजे आडव्या रेघेवर उभी रेघ. काना अक्षराच्या उजवीकडे एक छोटी आडवी रेघ होऊन येतो. जेम्स प्रिन्सेपने १८३७मध्ये ही लिपी उलगडली, त्यामुळे आज महिन्याभराच्या सरावात कुणीही ती गिरवू शकतो. खरी मेहनत त्यानंतर आहे. आपल्या लेण्यांमधले बहुतेक जुने लेख प्राकृतात आहेत. ब्राह्मीत द्वित्त (एकच व्यंजन दुहेरी, जसं ‘क्क’) सहसा दाखवलेलं नसतं, शब्द एकमेकांना चिकटलेले असतात, आणि दगड फुटला असेल तिथे काय असावं हे व्याकरणावरून ठरवायचं असतं. लिपी आली आणि प्राकृत आलं नाही, तर आपण अक्षरांचे नुसते उच्चार करत राहतो.

[दृश्य : अंगणात सरावासाठी ठेवलेला कोरीव दगड. ठसा घेण्याची कृती, सलग.]

संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय ठसा घेता येत नाही. म्हणून सराव या दगडावर. आधी दगड पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवायचा. ओला कागद त्यावर अंथरायचा. मधून कडेकडे ब्रशने ठोकत जायचं, म्हणजे हवा निघून जाते आणि कागद अक्षरांच्या खाचांत उतरतो. जोरात ठोकलं तर तो फाटतो, हळू ठोकलं तर खाचेत बसत नाही. हे हातालाच शिकावं लागतं. कागद अर्धवट सुकला की कापडी बोळ्याने शाई टिपायची.

[दृश्य : काळा होत जाणारा कागद. पांढरी अक्षरं एकेक करून दिसू लागतात. फक्त बोळ्याचा आवाज.]

शाई सपाट भागाला लागते, खाच कोरी राहते. जे डोळ्यांना दगडावर दिसत नव्हतं ते आता कागदावर वाचता येतं, आणि कागद घरी नेऊन आठवडाभर अभ्यासता येतो.

[दृश्य : नाशिकची पांडवलेणी, क्रमांक दहा. ओसरीतले लेख.]

वाचता आलं तर काय मिळतं, त्याचं हे उदाहरण. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने हे लेणं भिक्षुसंघाला दिलं आणि त्यांच्या खर्चाची सोयही केली. गोवर्धन इथल्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, त्याने ३,००० कार्षापणं कायम ठेव म्हणून ठेवली. एका श्रेणीकडे २,०००, दरमहा शेकडा एक दराने. दुसरीकडे १,०००, दरमहा शेकडा पाऊण दराने. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचं, आणि पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासातल्या, म्हणजे पावसाळ्यात एका जागी राहणाऱ्या, भिक्षूंना चीवरं (वस्त्रं) द्यायची. विणकर, त्यांची पत, व्याजाचा दर, हे सगळं त्या एका भिंतीवर आहे. कोणत्याही खापरातून हे कळलं नसतं.

[दृश्य : डेक्कन कॉलेज. संस्कृत शब्दकोश विभाग. लोखंडी खणांच्या रांगा. एक खण उघडतो, आत हस्तलिखित चिठ्ठ्या.]

डेक्कन कॉलेजची सुरुवात १८२१ची, आणि १९३९पासून इथे पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन चालतं. ह. धी. सांकलियांनी पुरातत्त्वाचा विभाग इथेच उभा केला. त्याच आवारात १९४८मध्ये सु. मं. कत्रे यांनी संस्कृत शब्दकोशाचं काम सुरू केलं. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचले गेले, एकेका चिठ्ठीवर एकेक संदर्भ, आणि चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. पहिला खंड १९७६मध्ये आला आणि काम अजून ‘अ’ या अक्षरात आहे. आयुष्य संपेल पण शब्दकोश संपणार नाही, हे माहीत असून माणसं इथे रोज येऊन बसत आली. एकाच आवारात मातीचा अभ्यास आणि शब्दाचा अभ्यास शेजारी शेजारी वाढला, ही मला या जागेची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

[दृश्य : मोडी कागद. बोरूचं काळं, धावतं अक्षर.]

मोडी मी स्वतंत्र वर्गात शिकले. आधी पानभर शिरोरेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायची, शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळायचं नाही. पुरातत्त्वाला मोडी कशाला, असं मला विचारतात. ओसाड टेकाडावर मध्ययुगीन वस्तीची खापरं मिळतात, तेव्हा ते गाव केव्हा बेचिराख झालं, त्याचं नाव काय होतं, हे पेशवे दफ्तरातल्या एखाद्या कागदावर असू शकतं. त्याच्याही मागे गेलं की फारसी लागते. ती सध्या सुरू आहे.

[दृश्य : वसतिगृहाची खोली. भिंतीवर परीक्षांचं वेळापत्रक.]

नोकऱ्यांचं सांगायचं तर त्या कमी आहेत. नेट ही पात्रता परीक्षा देऊन प्राध्यापकी, लोकसेवा आयोगातून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्याचं पुरातत्त्व संचालनालय, संग्रहालयं, आणि बरीचशी कंत्राटी कामं. माझ्याबरोबरच्या काही जणांनी दुसरा मार्ग धरला.

[दृश्य : पुन्हा ठसा. टेबलावर पसरलेला कागद, हातात भिंग.]

भाषा येणाऱ्यांसाठी वाट थोडी रुंद आहे. सर्वेक्षणाची शिलालेख शाखा आहे. संस्कृत आणि द्राविडी भाषांतल्या लेखांचं काम म्हैसूरहून चालतं, अरबी-फारसी लेखांचं नागपूरहून. ग्रेटर नोएडाच्या पुरातत्त्व संस्थेतल्या दोन वर्षांच्या पदविकेला संस्कृत, पाली, प्राकृत, अरबी, फारसीत एम.ए. केलेल्यांनाही अर्ज करता येतो. ३ ऑक्टोबर २०२४ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याच दिवशी पाली आणि प्राकृतालाही दिला. त्या निर्णयातून वर्ग सुरू व्हावेत, शिक्षक नेमले जावेत, शिष्यवृत्त्या निघाव्यात.

मला शिलालेख वाचण्याचं काम करायचं आहे. फारसी पुरेशी झाली तर नागपूर, नाहीतर म्हैसूर, किंवा जिथे जागा निघेल तिथे. आणि विद्यापीठांना माझं मागणं आहे, की पुरातत्त्वाच्या एम.ए.ला प्राकृत आणि एक मध्ययुगीन लिपी सर्वांना सक्तीची करा. पहिल्या सत्रापासून सुरुवात केली तर दोन वर्षांत ते सहज बसतं.