तीस लिटर समुद्र

पडद्यावर दिसणारी ही काचेची टाकी म्हणजे घरी बनवलेले खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय. ती आतून मोजल्यास 40 सेंटिमीटर लांब, 25 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर उंच आहे, म्हणजे काठोकाठ भरली तर तिच्यात 30 लिटर पाणी मावते. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केल्यावर उरते ते साधारण 24 लिटर. टाकी जितकी लहान तितकी ती सांभाळायला सोपी, असा सर्वसाधारण समज आहे आणि खाऱ्या पाण्याच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे. खुल्या समुद्रात एक मेलेली कोळंबी कोणाच्या खिजगणतीतही नसते. 24 लिटर पाण्यात तीच कोळंबी कुजली तर टाकीतल्या सगळ्यांचा जीव घेऊ शकते.

काचेचे काम त्या मानाने किरकोळ आहे. पाच मिलिमीटर जाडीच्या पाच काचा काचवाल्याकडून कापून घेतल्या, त्यांच्या कडा स्पिरिटने पुसल्या आणि बुरशीनाशक नसलेल्या सिलिकॉनने त्या जोडल्या. सिलिकॉन वाळताना घरभर व्हिनेगरसारखा वास सुटतो. तो पूर्ण जाईपर्यंत थांबून, मग दोन दिवस साधे पाणी भरून गळती तपासली.

खरा प्रश्न खडकाचा होता. 1961 मध्ये जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी समुद्रातून आणलेले जिवंत खडक, भरपूर उजेड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ जगवण्याची आपली पद्धत जगापुढे मांडली. पुढे जगभरच्या हौशी लोकांनी हाच मार्ग धरला, कारण अशा खडकाच्या छिद्राछिद्रांत पाणी शुद्ध राखणारे जिवाणू आधीपासूनच वस्तीला असतात. भारतात मात्र हा मार्ग बंद आहे आणि तो बंद असणे योग्यच आहे. असे खडक बहुतेक प्रवाळांच्या सांगाड्यांचेच असतात, आणि कठीण सांगाड्याची प्रवाळे, काळी प्रवाळे आणि समुद्रपंखे (पंख्यासारखी पसरणारी प्रवाळे) यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे वाघाला आहे तेच, संरक्षण आहे. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या कामात हाजीअली आणि वरळीच्या खडकांवरील प्रवाळांच्या छोट्या वसाहतींनाही हात लावण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागली आणि 2020 मध्ये त्या दुसऱ्या जागी हलवण्यात आल्या. मालवणच्या किनाऱ्यावर पायाशी आलेला प्रवाळाचा मेलेला तुकडाही त्यामुळे जिथल्या तिथे ठेवावा.

म्हणून हा खडक स्वयंपाकघरातून आला. तिसऱ्या आणि कालवे या खाण्याच्या शिंपल्यांची कवचे उकळून, वाळवून आणि कुटून त्यांचा जाडसर चुरा केला. एक भाग पांढरे सिमेंट, दोन भाग हा चुरा आणि दोन भाग जाडे मीठ, असे मिश्रण अगदी बेताच्या पाण्यात कालवून ओल्या वाळूतल्या खड्ड्यांत ओतले. सिमेंट घट्ट झाल्यावर दगड पाण्यात टाकला की मीठ विरघळून जाते आणि त्याच्या जागी छिद्रे उरतात. पुढे जिवाणूंना राहायला हीच छिद्रे लागतात. मात्र ताज्या सिमेंटमधून चुना पाझरत राहतो आणि पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा) 12 च्या आसपास जातो. समुद्राच्या पाण्याचा सामू 8.1 ते 8.3 असतो. हा फरक मिटेपर्यंत दगड बादलीत बुडवून ठेवणे आणि दर दोन दिवसांनी पाणी बदलणे, एवढेच काम आठ आठवडे चालले. चित्रीकरणासाठी याहून कंटाळवाणा काळ सापडणार नाही.

पाण्यासाठी घरचा आरओ चालेल असे वाटले होते, परंतु पिण्याच्या पाण्याला चव राहावी म्हणून अनेक आरओ यंत्रे थोडे क्षार पाण्यात तसेच राहू देतात. येथे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, शून्याजवळ असलेले पाणी लागते. त्यात दर लिटरला सुमारे 36 ग्रॅम याप्रमाणे मत्स्यालयासाठी तयार केलेले सागरी मीठ विरघळवले. खाण्याचे मीठ उपयोगाचे नाही, कारण समुद्राच्या खारेपणात सोडियम आणि क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम आणि पोटॅशियमही असतात. खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर क्षारता हजारी 35 (हजार भाग पाण्यात 35 भाग क्षार) आणि सापेक्ष घनता (शुद्ध पाण्याच्या तुलनेतली घनता) 1.026 दिसली, तेव्हाच पाणी टाकीत गेले.

त्यानंतर टाकीत पहिला जीव सोडला तो डोळ्यांना न दिसणारा. बाटलीत मिळणारे जिवाणू घातले आणि त्यांच्या खाद्यासाठी कच्च्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा टाकला. तो कुजला की अमोनिया तयार होतो. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो आणि दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट. खाऱ्या पाण्याचा सामू चढा असल्यामुळे गोड्या पाण्याच्या मानाने अमोनियाचा जास्त हिस्सा त्याच्या अधिक विषारी रूपात राहतो, म्हणून येथे घाई अंगाशी येते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर उतरायला आमच्या टाकीत सहा आठवडे लागले. मधल्या काळात दगडांवर तपकिरी थर चढला, मग हिरवा. पाहुण्यांना ही टाकी बिघडलेली वाटे, पण ती जमत होती.

मत्स्यालयावरच्या परदेशी पुस्तकांत थंडीची आणि हीटरची चर्चा पानोपानी असते. पुण्यात एप्रिल महिना हाच खरा शत्रू ठरला. पाणी 26 अंशांजवळ राहावे म्हणून वर छोटा पंखा लावला. त्याने पाणी थंड झाले, पण दिवसाला अर्धा लिटर उडू लागले. पाणी उडते, मीठ मात्र मागेच राहते. तीन दिवसांच्या प्रवासात कोणी पाणी घातले नाही, तेव्हा 24 लिटरचे साडेबावीस लिटर झाले आणि क्षारता 35 वरून 37 च्या वर गेली. ही भर नेहमी गोड्या पाण्याची घालावी लागते. खारे पाणी घातले तर मीठ वाढतच जाते. वीज गेली की पाण्याचा प्रवाह थांबतो आणि प्राणवायू घटतो, यासाठी बॅटरीवरचा हवापंप जवळच ठेवला आहे.

मग दोन गोगलगायी आल्या, पाठोपाठ एक शंखातला खेकडा आणि आठवड्यांच्या अंतराने एक क्लाऊनफिश हा छोटा सागरी मासा, तोही समुद्रातून पकडलेला नव्हे, तर हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, जन्मलेला. त्याला जगायला समुद्रफूल (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी, ज्याच्या आश्रयाने हा मासा समुद्रात राहतो) लागतेच असे नाही. तो ज्या पिशवीतून आला तिच्यातल्या पाण्यात टाकीचे पाणी थेंबाथेंबाने तासभर मिसळले आणि मग त्याला आत सोडले. दुसरा मासा येणार नाही. 24 लिटरची ऐपत एवढीच.

पंपाचा प्रवाह ज्या दगडाला धडकतो त्याच्या आडोशाला हा मासा रात्री थांबतो. सकाळी पाणी काचेवरच्या खुणेपासून अर्धा सेंटिमीटर खाली गेलेले असते. दिवा लागण्याआधी अर्धा लिटर गोडे पाणी हळूहळू ओतले जाते आणि पाणी पुन्हा खुणेला टेकते.