नगद की उधार?

श्रोतेहो, नमस्कार, आदाब.

मला दहा मिनिटं मिळाली आहेत आणि विषय मिळाला आहे 'इस्लाम आणि स्त्रियांचे हक्क'. म्हणजे पातेलंभर शिरखुर्मा चहाच्या कपात ओतायचा. तेव्हा मी फक्त मेहरबद्दल बोलणार आहे. आणि मी मेहरबद्दल बोलते म्हणजे माझ्या बड्या खालाबद्दल, मोठ्या मावशीबद्दल बोलते. ज्यांनी ही गोष्ट माझ्या तोंडून आधी ऐकली असेल, त्यांनी तोवर चहा टाकावा.

मेहर म्हणजे निकाहच्या करारात लिहिलेली, नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम. ती बायकोची. तिच्या बापाची नाही, भावाची नाही, सासूची तर नाहीच. परत सांगते, कारण रेडिओवर मागचं पान उलटता येत नाही: मेहर बायकोचा. हुंड्याच्या अगदी उलटा कारभार. (आणि हो, आमच्यातही आता हुंडा घेतात. 'जहेज' म्हटलं की पाप लागत नाही, असा समज आहे.)

मेहरचे दोन प्रकार. एक लगेच द्यायचा, एक नंतर द्यायचा. गंमत अशी, की दोन्हींना म्हणतात मुअज्जल. लिहिताना एकात ऐन आहे, एकात हमजा. ऐकायला दोन्ही सारखेच. काझीसाहेब 'मुअज्जल' म्हणतात, मांडवात सगळे माना डोलवतात आणि नवरीला कळतच नाही की तिचे पैसे आत्ता मिळणार की कयामतच्या दिवशी. एवढं लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

तर खाला. भवानी पेठेत दोन खोल्या, मधे पडदा, पडद्यापलीकडे उषा कंपनीचं पायमशीन. खाला त्यावर परकर शिवायची. खालू, म्हणजे खालाचे यजमान, टिंबर मार्केटात एका वखारीत कामाला. साल १९८५. मी तेरा वर्षांची, मराठी शाळेत आठवीत जाणार.

त्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने शाहबानोचा निकाल दिला. इंदूरची बाई, लग्न १९३२ सालचं, तलाक १९७८ साली. नवरा वकील. खालच्या कोर्टाने पोटगी लावली महिना २५ रुपये, हायकोर्टाने वाढवून केली १७९ रुपये २० पैसे. तेवढ्यासाठी नवरा सुप्रीम कोर्टात गेला. त्याचं म्हणणं, मी मेहरचे तीन हजार भरले, इद्दतचा, म्हणजे बायकोने दुसऱ्या लग्नाआधी थांबायच्या काळाचा, खर्च दिला, आता माझा काय संबंध? कोर्टाने सांगितलं की मेहर लग्नापोटी असतो, तलाकपोटी नाही, त्यामुळे तो देऊन पोटगी चुकत नाही. आणि आमच्या पेठेत आग लागली. पुरुष चौकात मोठ्याने बोलत, बायका नळावर हळू. जो तो म्हणे, कुराणात असं आहे, कुराणात तसं आहे.

खालाने तोवर किती वेळा कुराण पूर्ण केलं असेल, तिलाच माहीत. रमजानमध्ये तर दोनदा. पण अरबीत. अक्षर न् अक्षर बरोबर, अर्थ एकाचाही नाही. आमच्यातल्या बहुतेक बायकांचं असंच होतं, अजूनही आहे. उर्दू तिला धड येत नव्हती. एक दिवस कुणाकडून तरी ती मराठी तर्जुमा घेऊन आली आणि मला म्हणाली, "तेरे को मराठी वाचता येतं ना? बैठ. वाच."

पानाला एक लिमलेटची गोळी ठरली. मला धर्माची गोडी लागली ती अशी.

सगळी सुट्टी आम्ही वाचत होतो. मशीन थांबवून नाही हं. मशीन चालू, मी मोठ्याने वाचतेय, मधेच ती पाय थांबवायची आणि म्हणायची, "फिरसे." सुरा निसामध्ये, म्हणजे कुराणातल्या 'स्त्रिया' नावाच्या अध्यायात, आलं, 'बायकांना त्यांचा मेहर खुशीने द्या'. फिरसे. मग आलं, वाटण्या करायच्या त्या मृत्युपत्र आणि कर्ज चुकतं केल्यावर. फिरसे.

आणि मग अठ्ठाविसावा पारा आला. (पारा म्हणजे कुराणाच्या तीस भागांतला एक.) तो तिला तोंडपाठ होता. मदरशात जाणाऱ्या प्रत्येक मुलाला पाऱ्यांची नावं येतात. या पाऱ्याचं नाव 'कद समिअल्लाह'. मी मराठी वाचलं: 'अल्लाहने त्या स्त्रीचं म्हणणं ऐकलं आहे, जी आपल्या नवऱ्याविषयी तुझ्याशी वाद घालते आहे.' मशीन थांबलं. या सुरेचं नावच मुजादिला, वाद घालणारी. त्या बाईचं नाव खौला. नवरा रागाच्या भरात तिला म्हणाला, तू मला माझ्या आईच्या पाठीसारखी. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे एवढ्यावर बाई ना बायको राहायची, ना सुटी व्हायची. खौला थेट पैगंबरांकडे गेली, भांडली, हटली नाही. आणि आयत, म्हणजे कुराणातलं वचन, उतरली ती तिच्या बाजूने. नवऱ्याला प्रायश्चित्त सांगितलं: गुलाम मुक्त कर, नाहीतर दोन महिने सलग रोजे धर, तेही जमत नसेल तर साठ गरिबांना जेवू घाल.

खाला बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "चाळीस साल से मैं ये पढ़ रही हूँ. किसी ने बोला नै, ये झगड़े की बात है."

त्या दिवशी मला दोन गोळ्या मिळाल्या.

डिसेंबरात खालू गेले. झोपेतच. सकाळी गुसल झाला, कफन चढलं, उदबत्तीचा धूर, गल्लीतल्या चाळीसेक बायका दोन खोल्यांत कोंबलेल्या. बाहेर पुरुष उभे. आता जनाजा उचलायचा. तेव्हा खालाच्या थोरल्या नणंदेने तिचा हात धरला आणि रिवाजाप्रमाणे म्हणाली, "मेहर बख्श दिया, बोल."

श्रोत्यांतल्या मुस्लिम भगिनींना हे सांगायला नको. इतर श्रोत्यांसाठी सांगते. नवऱ्याने जन्मभर मेहर दिलेला नसतो. मग प्रेतासमोर बायकोकडून तो माफ करवून घेतात. कुठे कुठे पहिल्याच रात्री माफ करवून घेतात, गोडीगुलाबीत. चाळीस बायका बघताहेत, नवरा कफनात आहे, नाही कोण म्हणणार?

खाला म्हणाली, "कितना था?"

कुणाला माहीत नव्हतं.

"सव्वाशे," ती म्हणाली. "चौतीस साल हो गए. नै बख्शती."

अशी शांतता मी पुन्हा कधी ऐकली नाही. नणंद म्हणाली, "मुर्द्यावर बोजा ठेवतेस?" खाला म्हणाली, "मी नाही ठेवला. आहे तो. उतरवा."

दीर तणतणत मशिदीतल्या म्हाताऱ्या मौलानांकडे गेला. त्याला वाटलं, ते येऊन भावजयीला झापतील. दहा मिनिटांनी परत आला तो खाली मान घालून. मौलाना एवढंच म्हणाले होते, "कर्ज है. अदा करो."

दिराने खिशातून शंभराची एक आणि पन्नासाची एक नोट काढली आणि खालाच्या पुढ्यात टाकली. टाकली म्हणजे टाकलीच. खालाने त्या उचलल्या, कनवटीचा बटवा सोडला, दहाच्या दोन आणि पाचाची एक अशा नोटा मोजल्या आणि त्याला परत दिल्या. "वरचे पंचवीस तुझे."

मग ती रडायला लागली. सकाळपासून रडली नव्हती.

पुढे मला म्हणाली, "तेरे खालू मोकळे होऊन गेले." विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची. ती संपल्यावर तिने त्या पैशांतून मशीनचा नवा पट्टा आणि दाराला पितळी कडी आणली. बाकीचे काय केले, कधी सांगितलं नाही.

बघा, घड्याळाने अर्धा वेळ खाल्ला. आता जे सांगायला बोलावलंय ते भरभर सांगते.

खालाने जे मशीनवर बसून केलं, तेच जगभरच्या मुस्लिम अभ्यासक बायका करत होत्या. मोरोक्कोच्या फातिमा मर्निसी यांनी बायकांविरुद्धच्या हदीसा, म्हणजे पैगंबरांच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या उक्ती-आठवणी, कुणी सांगितल्या, कधी सांगितल्या, त्यात त्याचा काय फायदा होता, हे खोदून काढलं. अमेरिकेतल्या अमिना वदूद यांनी १९९२ साली कुराणाचं वाचन स्त्रीच्या नजरेने मांडलं, आणि २००५ साली न्यूयॉर्कमध्ये स्त्री-पुरुषांच्या एकत्र जुम्म्याच्या नमाजचं नेतृत्व केलं. केवढा गदारोळ झाला. २००९ मध्ये क्वालालंपूरला 'मुसावाह' ही जागतिक चळवळ सुरू झाली. मुसावाह म्हणजे बरोबरी. या सगळ्यांचं म्हणणं साधं आहे: ग्रंथ वेगळा आणि त्याचा पुरुषांनी लावलेला अर्थ वेगळा. अर्थ माणसांनी लावला, तर तो माणसांना बदलता येतो. परत सांगते, अर्थ माणसांनी लावलेला आहे.

आता मेहरचंच घ्या. कुराणात बायकोला मेहर सोडायची मुभा आहे, हे मला दरवेळी कुणीतरी ऐकवतं. आहे ना. पण तिथे अट आहे 'स्वखुशीने'. चाळीस बायकांच्या घोळक्यात कसली खुशी?

पुण्यात या प्रश्नाची दुसरी वाटही आहे, आणि ती आधीची आहे. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला. सातच. १९७० मध्ये इथे पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. त्यांचा आधार संविधान होता, कुराण नव्हे. दोन्ही वाटांची माणसं एकमेकांकडे जरा संशयाने बघतात. हे म्हणतात, धर्मात कशाला शोधता? ते म्हणतात, धर्म सोडून आमच्या खालाशी बोलणार कसे? मी दोघांकडेही चहा पिते. पण खरं सांगू? माझ्या खालाला संविधानाचं कलम सांगून त्या दिवशी 'नै बख्शती' म्हणता आलं नसतं. आणि कोर्ट नसतं तर शाहबानोला १७९ रुपये २० पैसेही मिळाले नसते. (ते पुढे १९८६ च्या कायद्याने जवळजवळ काढून घेतले, २००१ च्या दानियल लतिफी निकालाने त्याच कायद्याचा अर्थ लावून बरेच परत दिले, आणि २०२४ च्या जुलैत सुप्रीम कोर्टाने पुन्हा स्पष्ट केलं की तलाकशुदा मुस्लिम बाईला सर्वसाधारण कायद्याखालीही पोटगी मागता येते.)

कोर्टातही आता दोन्ही वाटा दिसतात. २२ ऑगस्ट २०१७ ला शायराबानो खटल्यात एका दमातला तिहेरी तलाक तीन विरुद्ध दोन असा रद्द झाला. त्या तिघांतले न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांचा मुद्दा होता की जे कुराणालाच मान्य नाही ते शरियतमध्ये चांगलं कसं ठरेल? हे तर खालाचंच वाक्य, फक्त इंग्रजीत. आणि मशिदीत बायकांना नमाजला जाऊ द्या म्हणून २०१९ साली सुप्रीम कोर्टात गेलेलं दांपत्य कुठलं? आपल्या पुण्याचंच.

मुलींच्या वारसाहक्काबद्दल बोलायचं राहिलं. कुराणाने मुलीला मुलाच्या निम्मा वाटा दिला, यावर टीव्हीवर रोज भांडणं. मी म्हणते, तो निम्मा तरी देता का? कोंढव्यात जागेचे भाव चढल्यापासून बहिणींच्या हक्कसोडपत्रांना ऊत आलाय. आणि यात हिंदू-मुसलमान एकी अशी आहे, की बघून राष्ट्रीय एकात्मतेचं बक्षीस द्यावं. 'ताई, सही कर, माहेर तुझंच आहे.' 'आपा, दस्तखत करो, मायका तुम्हारा ही है.' शब्द न् शब्द एक.

आणखी एक, विषय नाही तरी सांगते. मला दर कार्यक्रमानंतर कुणी ना कुणी म्हणतं, "तुम्ही किती छान मराठी बोलता हो!" अहो, पाच पिढ्या पुण्यात आहोत. मग काय तुर्की बोलू?

असो. वेळ संपत आलीय. मुअज्जल लक्षात आहे ना?

१९९६ साली माझा निकाह झाला, कॅम्पातल्या एका हॉलमध्ये. वकील (कोर्टातला नव्हे, निकाहात नवरीच्या वतीने बोलणारा) आणि दोन गवाह, म्हणजे साक्षीदार, माझ्याकडे संमती विचारायला आले. वकीलसाहेब भराभर म्हणाले, "मेहर अकरा हजार, सिक्का-ए-राइजुल-वक्त," म्हणजे चालू चलनात, "मुअज्जल, कबूल है?" मी तोंड उघडणार एवढ्यात शेजारून खालाचा आवाज आला.

"ठहरो. नगद के उधार?"

वकीलसाहेब गडबडले. "उधारच लिहितात हो सगळे."

"सब को लिखने दो."

अब्बांना घाम फुटला. पलीकडे निरोप गेला. नवरदेवाच्या खिशात निघाले बत्तीसशे. रविवार, बँका बंद. मित्रांनी हजार-पाचशे घातले, मामांनी घातले, तरी चार हजार कमीच. शेवटी भटाऱ्याला बिर्याणीचे द्यायला म्हणून वेगळे काढलेले पैसे काढले, तेव्हा अकरा हजार भरले. खालाने ते माझ्यासमोर दोनदा मोजले आणि मग म्हणाली, "अब बोल, कबूल है."

भटाऱ्याचे मात्र दोन दिवस उधार राहिले.