पोटाचं दुखणं आणि पाळीची तारीख

(पडद्यावर: रेघा आखलेला कागद. सात उभे रकाने. एका हाताने त्यात आकडे भरले जात आहेत.)

सात दिवस. रोज किती वेळा पातळ संडास झाली, पोट किती दुखलं, एकंदर कसं वाटलं. क्रोन्स हा आतड्याच्या दाहाचा आजार किती जोरात आहे हे मोजायला 1976 साली एक गुणपद्धत तयार झाली. रुग्णाने स्वतः भरलेली ही सात दिवसांची नोंद हा तिचा पाया. त्यात पुढे वजन येतं, रक्ताची तपासणी येते, ताप येतो. नव्या औषधांच्या चाचण्यांत ही पद्धत अनेक वर्षं वापरली गेली.

त्या कागदावर एक गोष्ट मात्र विचारलेली नाही. या सात दिवसांत बाईची पाळी होती का?

आणि पाळी असेल, तर कागदावरचे आकडे बदलतात. संडासच्या फेऱ्या वाढतात, कळा वाढतात, अंगातलं त्राण जातं. आतड्याची सूज तेवढीच असते आणि गुण मात्र वर चढतात. उलटही होतं. सूज खरोखर वाढलेली असते आणि बाई म्हणते, पाळीचे दिवस आहेत, होईल बरं. या दोन्ही चुका तिलाच महागात पडतात.

(पडद्यावर: आतड्यांचं रेखाचित्र. तोंडापासून गुदद्वारापर्यंत एक रेषा सरकत जाते.)

क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्यांच्या दाहाचे दोन मुख्य आजार. दोघांना मिळून आयबीडी म्हणतात. कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर सुजतं, त्यावर जखमा होतात, शौचावाटे रक्त आणि आव पडते. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो. दोन्ही आजार वर्षानुवर्षं सोबत राहतात, मध्ये शांत होतात, पुन्हा उसळतात. ते पुष्कळदा पंधरा ते पस्तीस या वयात सुरू होतात. म्हणजे ज्या काळात पाळी दर महिन्याला येत असते, नेमक्या त्याच काळात.

आता पाळीकडे येऊ.

पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात, बीज सुटल्यानंतर, शरीरात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं. त्याने स्नायू सैलावतात. गर्भाशयाचे सैलावतात तसे आतड्याचेही. म्हणून अनेकींना पाळीच्या आधीच्या आठवड्यात पोट साफ होत नाही, फुगल्यासारखं वाटतं. मग गर्भ राहिलेला नसेल तर प्रोजेस्टेरॉन एकदम उतरतं आणि गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात. त्यांचं काम गर्भाशय आवळून अस्तर बाहेर टाकण्याचं. पण ती तिथेच थांबत नाहीत. आतडं अगदी शेजारी आहे, त्याच्याही भिंतीत तशाच जातीचे स्नायू आहेत, आणि ही द्रव्यं त्यांनाही आवळायला लावतात. आतड्यात पाणीही जास्त सुटतं. पाळीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी पोट ढिलं होतं ते यामुळे. कुठलाही आजार नसलेल्या बायकांनाही हे होतं.

मग आतडं आधीच दुखरं असलेल्या बाईचं काय होत असेल?

1998 साली अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञ सुनंदा केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न थेट बायकांनाच विचारला. कोलायटिस असलेल्या, क्रोन्स असलेल्या, आयबीएस (सूज नसताना पोट दुखणं आणि शौच बिघडणं) असलेल्या आणि निरोगी. आजार असलेल्या तिन्ही गटांत शौचाच्या सवयी पाळीच्या चक्राप्रमाणे बदलतात असं निरोगी बायकांपेक्षा जास्त जणींनी सांगितलं. पाळीच्या दिवसांत पोटाचा त्रास वाढण्याची तक्रार क्रोन्सच्या गटात विशेष होती, आणि त्यातली सर्वांत मोठी तक्रार जुलाबांची. बायका आपापसांत जे कधीपासून बोलत होत्या ते आता वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

पण त्रास वाढला म्हणजे आजार वाढला का? सगळा पेच इथे आहे.

(पडद्यावर: सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशी.)

आतड्यात सूज असते तेव्हा तिथे न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी गोळा होतात. त्यांच्यातलं कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन शौचात उतरतं आणि ते मोजता येतं. एका ग्रॅममागे 50 मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर साधारणपणे सूज नाही, 250 च्या वर असेल तर आजार जागा असण्याची शक्यता मोठी. कळ किती तीव्र होती हे या चाचणीला कळत नाही, आतड्याची सूज मात्र कळते. जोडीला रक्तातलं सीआरपी, हे दाह असला की वाढणारं प्रथिन. महिन्याच्या महिन्याला त्याच दिवशी त्रास होतो आणि या तपासण्या शांत आहेत, असं दिसलं तर तो त्रास बहुधा पाळीच्या चक्राचा असतो. तो खोटा नव्हे, कल्पनेतला नव्हे. त्यावर उपाय हवाच, पण तो वेगळा हवा. पाळीच्या जुलाबांसाठी कुणाला स्टेरॉइडचा कोर्स सुरू झाला, तर हाडांची झीज, वाढलेली साखर, सुजलेला चेहरा, उडालेली झोप हे सगळं तिच्या वाट्याला विनाकारण येतं.

म्हणून काही खुणा नीट लक्षात ठेवायच्या. पाळी संपली तरी जुलाब थांबत नाहीत. रात्री झोपेतून उठून संडासला धावावं लागतं. ताप येतो. वजन उतरतं. शौचात रक्त दिसतं आणि ते पाळीनंतरही दिसत राहतं. यांतलं काहीही असेल तर पाळीवर ढकलून वाट पाहत बसू नये. आणि अशा वेळी जुलाब थांबवणारी गोळी मनाने घेऊ नये. तीव्र कोलायटिसमध्ये तिच्यामुळे मोठं आतडं धोकादायकरीत्या फुगू शकतं.

रक्ताचं तर आणखी अवघड. संडासच्या भांड्यात लाल दिसलं, ते नेमकं कुठलं? पाळीच्या दिवसांत डोळ्यांनी सांगता येत नाही. शौचातलं लपलेलं रक्त शोधण्याची चाचणी याच कारणासाठी पाळीत करत नाहीत. कॅलप्रोटेक्टिनचा नमुनाही शक्य असेल तर पाळी संपल्यावर द्यावा. प्रयोगशाळेत ही तारीख कुणी विचारेलच असं नाही, आपणच सांगायची.

(पडद्यावर: औषधांच्या गोळ्यांची पट्टी. एक गोळी काढून तळहातावर ठेवलेली.)

आता या गोष्टीतली सर्वांत अडचणीची गाठ. पाळीत ओटीपोट दुखतं तेव्हा जगभरच्या बायका घेतात त्या गोळ्या म्हणजे आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड, नॅप्रोक्सेन. त्या काम कशा करतात हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी 1971 साली दाखवलं. ॲस्पिरिनच्या जातीची ही औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाहीत. 1982 साली त्यांना नोबेल मिळालं. प्रोस्टाग्लँडिनमुळे पाळी दुखते, गोळी प्रोस्टाग्लँडिन थांबवते, दुखणं थांबतं. इतकं सरळ.

फक्त आतड्याचं तसं नाही. जठर आणि आतड्याच्या अस्तराला स्वतःचं रक्षण करायला, झीज भरून काढायला याच प्रोस्टाग्लँडिनची गरज असते. गोळी गर्भाशयातली आणि आतड्यातली द्रव्यं वेगळी ओळखत नाही. निरोगी आतडं हे बहुतेकदा सोसतं. आयबीडी असलेल्या काहींना मात्र अशा गोळ्यांनंतर त्रास उसळतो. मेफेनॅमिक ॲसिडमुळे तर आजार नसलेल्यांनाही जुलाब होऊ शकतात. प्रत्येकीला ते होईलच असं नाही. थोडे दिवस, कमी मात्रेत घेतलं आणि काही झालं नाही अशाही अनेक जणी आहेत, आणि याबाबत डॉक्टरांचं मतही एकसारखं नाही. तरी आजार जागा असताना या गोळ्या टाळाव्यात, हा सल्ला सार्वत्रिक आहे.

मग दुखणाऱ्या बाईने करायचं काय? पॅरासिटामॉल आधी. ओटीपोटावर शेक, आणि त्याला कमी लेखू नये, शेकाने पाळीचं दुखणं खरोखर कमी होतं. तेवढ्याने भागत नसेल तर दर महिन्याला दुकानातून मनाने पट्टी आणण्यापेक्षा पोटाच्या डॉक्टरांना एकदा स्पष्ट विचारावं: मला पाळीत दुखतं, मी कुठली गोळी घेऊ? हा प्रश्न त्यांच्या खोलीत विचारायचा नसतो असं कित्येक जणींना वाटतं. विचारायचा असतो. आयबीडीची रोजची औषधं मात्र पाळी आहे म्हणून बंद करू नयेत.

(पडद्यावर: काचेच्या नळीत रक्ताचा नमुना.)

आजारामुळे आतड्यातून रक्त जातं, पाळीत अंगावरून जातं. सुजलेलं आतडं अन्नातलं लोह पुरेसं शोषत नाही. आणि दाह असला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं, ते लोहाची वाटच अडवतं. एकाच बाईच्या शरीरातून लोह इतक्या बाजूंनी कमी होत असतं. दम लागणं, केस गळणं, डोकं जड होणं, जिना चढताना थांबावं लागणं हे सगळं ती थकव्याच्या नावावर खपवते. हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की पंडुरोग म्हणतात, पण लोह त्याच्या बरंच आधी आटलेलं असू शकतं. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची चाचणीही इथे फसवते, कारण दाह असला की फेरिटिन आपोआप वर जातं. म्हणून आजार शांत असेल तर 30 च्या खालचं फेरिटिन म्हणजे लोहाची कमतरता, पण आजार जागा असेल तर 100 पर्यंतचा आकडाही कमतरतेचाच असू शकतो. अहवालावर ‘सामान्य’ असं छापलेलं असतं आणि बाई थकलेलीच राहते. लोहाच्या गोळ्या पोटाला सोसत नसतील तर शिरेतून लोह देता येतं.

कधी पाळी जास्त होते, तर कधी येतच नाही. आजार जोरात असतो, वजन उतरलेलं असतं, अन्न अंगी लागत नसतं, तेव्हा शरीर पाळी पुढे ढकलतं किंवा थांबवतं. क्रोन्स असलेल्या मुलींमध्ये पहिली पाळी उशिरा येते, उंचीही खुंटते. सोबतच्या सगळ्या मुलींना आली आणि आपल्याला नाही, हे त्या वयात फार बोचतं. अशा मुलीला आधी आजार आटोक्यात येण्याची आणि पोटभर अन्नाची गरज असते. दाह शांत झाला की वाढ पुन्हा धरते.

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात नव्याने आयबीडी झालेल्या रुग्णांची नोंदवही ठेवली गेली. त्यातल्या बायकांना पाळीबद्दल विचारलं तेव्हा साधारण चौथ्या हिश्शाने सांगितलं की निदान व्हायच्या आधीच्या वर्षातच त्यांच्या दोन पाळ्यांमधलं अंतर बदललं होतं. आजाराला नाव मिळण्याआधीच पाळीत फरक पडलेला होता.

(पडद्यावर: ओटीपोटाचं चित्र. गर्भाशय, बीजकोष, मोठ्या आतड्याचं शेवटचं टोक, सगळं एकमेकांना लागून.)

एण्डोमेट्रिओसिसचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर, कधी थेट आतड्याच्या भिंतीवर वाढते. पाळीत ती सुजते, शौचाला जाताना जीवघेणी कळ येते, कधी रक्तही पडतं. वर्णन ऐकून आयबीडीच वाटावी असं. आणि हे दोन्ही आजार एकाच बाईत असू शकतात. डेन्मार्कमध्ये 1977 ते 2007 या काळात एण्डोमेट्रिओसिससाठी रुग्णालयात दाखल झालेल्या 37 हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांना आयबीडी होण्याचं प्रमाण इतर स्त्रियांपेक्षा सुमारे दीडपट निघालं. म्हणून दुखणं फक्त पाळीभोवतीच येत असेल, शारीरिक संबंधांच्या वेळी खोल दुखत असेल, आयबीडीच्या तपासण्या बऱ्या असूनही ते हटत नसेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायलाच हवं. आयबीडी आहे ना, मग दुखणारच, या उत्तरावर थांबू नये.

संप्रेरकांच्या गोळ्यांनी किंवा प्रोजेस्टेरॉनसारखं औषध सोडणाऱ्या गर्भाशयातल्या साधनाने पाळी हलकी होते, आणि काहींच्या पोटाचा मासिक त्रासही कमी होतो. पण आयबीडीत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मुळातच दुप्पट-तिप्पट असतो आणि यांतल्या काही गोळ्यांत असलेल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाने तो वाढतो. निवड करताना दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं माहीत हवीत.

(पडद्यावर: मोबाइलवरची दिनदर्शिका. काही तारखांना दोन रंगांचे ठिपके.)

आणि ज्यांच्या गुदद्वाराजवळ भगेंद्र (आतड्यातून कातडीपर्यंत पडलेली वाट) आहे, त्यातून पू वाहतो आहे, त्यांच्यासाठी पाळीचे पाच दिवस कसे जातात याबद्दल जवळजवळ कुणीच बोलत नाही. पॅड ओला राहतो, सोललेल्या कातडीवर घासतो. साधा सुती, सुगंध नसलेला पॅड लवकर लवकर बदलणं आणि जागा कोमट पाण्याने धुऊन हलक्या हाताने टिपणं याने जरा सुसह्य होतं. योनीवाटे हवा किंवा शौचाचा अंश येत असेल तर तो पाळीचा भाग समजू नये. आतडं आणि योनी यांच्यात वाट पडल्याची ती खूण असू शकते, आणि लाज वाटते म्हणून ती महिनोन् महिने सांगितली जात नाही. पोटावर शौचाची पिशवी असलेल्या काही जणींना पाळीत पिशवी जास्त वेळा, जास्त पातळ भरलेली दिसते. त्या दिवसांत पाणी आणि मीठ दोन्ही कमी पडू द्यायचं नाही.

तो सात रकान्यांचा कागद कुणीही घरी आखू शकतं. संडास किती वेळा, रात्री उठावं लागलं का, रक्त दिसलं का, दुखणं किती, कुठली गोळी घेतली. आणि वर, सर्वांत आधी, पाळीचा कितवा दिवस. दोन-तीन महिने असं लिहिलं की चक्र आपोआप दिसू लागतं. पोटाच्या डॉक्टरांपुढे तो कागद ठेवायचा, स्त्रीरोगतज्ज्ञांपुढेही तोच ठेवायचा, आणि बोलायला सुरुवात पाळीच्या तारखेपासून करायची.