कण केवढा होता?

मंडळी, 1 मार्च 1954 रोजी पहाटे अमेरिकेने पॅसिफिकमधल्या बिकिनी प्रवाळबेटावर हायड्रोजन बॉम्बची ‘ब्राव्हो’ चाचणी केली. अंदाज पाच-सहा मेगाटनांचा, म्हणजे पन्नास-साठ लाख टन टीएनटी स्फोटकाएवढा होता, निघाले 15. ‘दाइगो फुकुर्यू मारू’ ही जपानी मासेमारी बोट तेव्हा पूर्वेकडे दीडशेएक किलोमीटरवर होती. तीनेक तासांनी तिच्यावर पांढरी भुकटी, म्हणजे स्फोटाने उडालेल्या प्रवाळाची किरणोत्सारी राख, पडू लागली. 23 खलाशी त्या भुकटीतच जाळी ओढत राहिले. त्यांतले कुबोयामा सप्टेंबरात वारले. नेहरूंनी 2 एप्रिलला लोकसभेत चाचण्या थांबवण्याची मागणी केली, ती याच पार्श्वभूमीवर.

मला तुमचं लक्ष त्या तीन तासांकडे वेधायचंय. ढग 30 किलोमीटरच्याही वर चढला होता. समजा, राखेचा एक कण 25 किलोमीटरवरून निघाला. तीन तासांत समुद्रावर यायचं, तर सेकंदाला दोन-सव्वादोन मीटर वेग हवा. प्रवाळासारख्या जड द्रव्याच्या कणाला हा वेग यायला तो साधारण पाव मिलिमीटरचा किंवा थोडा मोठा असावा लागतो. डेकवरून गोळा केलेल्या राखेतही मिलिमीटरच्या काही दशांशांएवढे कण होतेच. म्हणजे नुसत्या घड्याळावरून कणाचं माप निघतं. उलट, माप ठाऊक असेल तर कण कुठे आणि कधी पडेल ते सांगता येतं. चाचणी करणाऱ्यांना खरी गरज या उलट्या हिशेबाची होती.

खळ्यावर धान्य उपणताना दाणा पायाशी पडतो आणि फोलपट लांब जातं, तसंच हे. फक्त इथे वारा प्रत्येक उंचीवर वेगळ्या दिशेचा असतो. बारीक कणांसाठी स्टोक्सचा नियम लागतो: व्यास दहापट कमी झाला, की पडण्याचा वेग शंभरपट कमी. 10 किलोमीटरवरून 100 मायक्रॉनचा कण (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पाच-सहा तासांत खाली येतो. 10 मायक्रॉनच्या कणाला कागदावर पंधरवडा लागतो. 1 मायक्रॉनच्या कणाचा हिशेब वर्षांत जातो. प्रत्यक्षात त्याला पाऊस खाली आणतो. पण तो स्थितांबरात, म्हणजे ढगपावसाच्या वरच्या थरात, पोचला असेल तर तिथे पाऊसच नाही. मग तो पृथ्वीभर फिरतो.

आता मोजायचं कसं? चाळण्यांची उतरंड लावायची, हे पहिलं उत्तर. पण काही दशक मायक्रॉनांच्या खाली चाळणीची भोकं बुजतात, तिथे सूक्ष्मदर्शकच घ्यावा लागतो. खरी अडचण वेगळीच आहे. बिकिनीची जमीन म्हणजे प्रवाळ, कॅल्शियम कार्बोनेट. आगीच्या गोळ्यात त्याची कळीची चुनखडी (कॅल्शियम ऑक्साइड) होते. ती खाली येताना हवेतला ओलावा शोषते, फुगते, भुगा होते. दाइगो फुकुर्यू मारू याइझू बंदरात परतली 14 मार्चला. दोन आठवडे खाऱ्या दमट हवेत राहिलेला कण मोजून, पडताना तो केवढा होता हे कसं सांगणार? अमेरिकेतल्या नेवाड्याच्या वाळवंटातल्या चाचण्यांत हा त्रास कमी, कारण तिथली माती वितळून काचेचे मणी बनतात. हे मणी टिकतात.

म्हणून 1956च्या ‘रेडविंग’ चाचण्यांत अमेरिकी नौदलाच्या किरणोत्सार प्रयोगशाळेने उपकरणं लावलेली जहाजंच राखेच्या वाटेवर उभी केली. ठरावीक वेळाने एकेक तबक उघडायचं, मिटायचं. म्हणजे कुठला कण केव्हा पडला याची नोंद राहायची. काही स्फोट पाण्यावरच्या तराफ्यांवर झाले. तिथे कोरडा कण नव्हताच, खारट चिखलाचे थेंब होते. ते क्लोराइडने रंग बदलणाऱ्या फिल्मवर झेलायचे आणि डागाच्या व्यासावरून थेंबाचा व्यास काढायचा. मला ही युक्ती फार आवडते.

कण फोटोच्या फिल्मवर ठेवला की त्याच्या किरणोत्साराने फिल्म काळी पडते, म्हणजे तो स्वतःच आपलं चित्र काढतो. पण सगळ्यांत बोलकं असतं ते कणाला राळेत बसवून पातळ काप काढणं. गोल, वितळलेल्या कणाचा काप सबंध काळा उमटतो, म्हणजे किरणोत्सार आतपर्यंत मुरलेला. वेडावाकडा, न वितळलेला कण मात्र फक्त कडेने काळा दिसतो. तो उशिरा वर ओढला गेला आणि थंड होणारी किरणोत्सारी वाफ त्याच्या पृष्ठभागावर बसली.

यातूनच पुढचा गुंता होतो. स्फोटात तयार होणाऱ्या किरणोत्सारी द्रव्यांपैकी झिर्कोनियम-95 लवकर घट्ट होतं, ते मोठ्या कणांत अडकतं. सीझियम-137 आधी झेनॉन वायूच्या रूपात असतं, स्ट्रॉन्शियम-90 क्रिप्टॉनच्या. त्यांचं रूपांतर होईपर्यंत मोठे कण ढगातून निघून गेलेले असतात, म्हणून ही दोन्ही बारीक कणांवर जास्त सापडतात. ज्यांची अर्धायुष्यं (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा काळ) तीसेक वर्षांची, नेमकी तीच सगळ्यांत लांब जातात. त्यामुळे चाचणीस्थळाजवळच्या मातीत काय आहे त्यावरून हजारो किलोमीटरवरच्या दुधात काय उतरेल, हे थेट सांगता येत नाही. अनेक जुन्या अंदाजांची गल्लत मला इथेच झालेली दिसते.

मघाशी कुणीतरी विचारलं, ही राख फुप्फुसात किती जाते? पाव मिलिमीटरचा कण फुप्फुसात खोल जातच नाही, नाकाघशातच अडकतो. खोल जायला तो दहा मायक्रॉनच्या आतला हवा, तोही वायुगतिक व्यासाने. म्हणजे हवेत तो किती मोठ्या कणासारखा वागतो त्या हिशेबाने. बिकिनीच्या पूर्वेकडच्या रोंगेलॅप बेटावरच्या लोकांना ब्राव्होनंतर दोन दिवसांनी हलवलं, तोवर ती राख त्यांच्या केसांत, मानेवर, पायांवर बसली होती. तिथेच भाजल्याच्या जखमा झाल्या. थायरॉइडमध्ये साठलेलं किरणोत्सारी आयोडीन मुख्यतः राख पडलेल्या अन्नपाण्यातून पोटात गेलेलं होतं, श्वासातून त्या मानाने थोडं.